क्षयरोग : खाट वाचली, देणे राहिले

(कार्यकर्त्यांच्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



क्षयरोगाचा विचार एका विसंगतीपासून सुरू करावा लागतो. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. त्या जंतूला मारणारी प्रमुख औषधे १९४० नंतरच्या दोन-तीन दशकांत हाती आली. आज फुप्फुसाचा साधा क्षय, म्हणजे औषधांना दाद देणारा क्षय, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. त्यासाठी बहुतेक रुग्णांना रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही आणि सरकारी केंद्रांत या गोळ्या विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे. असे असूनही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतातला आहे. देश २०२५ पर्यंत क्षयमुक्त करण्याची घोषणा २०१८ साली झाली होती. नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी खाली आणावयाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले हे प्रमाण २०२४ मध्ये १८७ झाले. घट झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती ८० टक्क्यांची नव्हे, सुमारे २१ टक्क्यांची आहे.

औषध आहे, ते फुकट आहे आणि घरी राहून घेता येते. मग रोग हटत का नाही? या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. कचेरीतले उत्तर असे की रुग्ण अडाणी आहे, थोडे बरे वाटले की गोळ्या सोडतो. दुसरे उत्तर पुरोगामी वर्तुळांत ऐकू येते : क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे, दारिद्र्य गेले की तो जाईल, तोवर गोळ्यांनी काय होणार? पहिले उत्तर रुग्णाला आरोपी करते. दुसरे उत्तर आज खोकणाऱ्या माणसाला उद्याच्या समाजरचनेपर्यंत थांबायला सांगते. दोन्हींतून खरा प्रश्न निसटतो. क्षयाचा उपचार रुग्णालयाच्या खाटेवरून रुग्णाच्या घरी आला तेव्हा शासनाचा फार मोठा खर्च वाचला. त्या बदल्यात शासनाने रुग्णाचे काही देणे पत्करले होते. ते देणे कोणते, आणि ते किती फेडले गेले, याचा हिशेब मांडणे हा या भाषणाचा हेतू आहे.

मद्रासचा प्रयोग

औषधे येण्यापूर्वी क्षयावर स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार होता. त्यासाठी आरोग्यधामे बांधली गेली. मिरजेजवळची वॉनलेसवाडी आणि आंध्रातील मदनपल्ली ही त्यांतली नामांकित ठिकाणे. परंतु स्वातंत्र्यानंतर लगेचच एक गोष्ट स्पष्ट झाली. देशात क्षयरुग्ण लाखोंनी होते आणि खाटा हजारांत मोजाव्या लागत होत्या. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या नमुना पाहणीने आणखी एक समज खोटा पाडला. क्षय हा गिरणगावांचा आणि शहरी चाळींचा रोग आहे असे मानले जाई. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तितकाच आढळला. एवढ्या रुग्णांना खाटा पुरवणे कोणत्याही अंदाजपत्रकाला शक्य नव्हते.

याच सुमारास, १९५६ साली, मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश वैद्यकाने त्याचे नेतृत्व केले. शहरातील गरीब वस्त्यांमधील जवळजवळ दोनशे क्षयरुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या घरीच ठेवले. आयसोनियाझिड आणि पास ही औषधे दोघांनाही सारखीच दिली.

आरोग्यधामातील रुग्णांना चांगले अन्न, मोकळी हवा आणि विश्रांती होती. घरच्या रुग्णांच्या वाट्याला कोंदट खोली, निकृष्ट आहार आणि पोटासाठी करावे लागणारे काम होते. वर्षअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरच्या गटातील ८६ टक्के रुग्णांचा रोग जंतुतपासणीच्या कसोटीवर शमलेला आढळला. पुढच्या वर्षांतील पाठपुराव्यात, रोग उलटण्याच्या बाबतीतही घरचे रुग्ण मागे पडले नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना आरोग्यधामात गेलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक लागण झाली नाही. घरच्या माणसांना जी बाधा व्हायची ती बव्हंशी निदानापूर्वीच्या महिन्यांत होऊन गेलेली असते आणि योग्य औषध सुरू झाले की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने कमी होतो, असा त्याचा अर्थ होता.

१९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. आरोग्यधामांची सद्दी संपली, बाह्यरुग्ण उपचाराचे युग सुरू झाले. त्याच वर्षी बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला गेला. जिल्ह्याला एक क्षयरोग केंद्र आणि त्याच्या जोडीला नेहमीचे सरकारी दवाखाने, असा त्याचा आराखडा होता. गरीब देशातील गरीब माणसांवर झालेल्या प्रयोगातून निघालेला हा निष्कर्ष होता आणि तो गरिबांच्या बाजूचा होता. वर्ष वर्ष घर, मुले आणि काम सोडून दूरच्या आरोग्यधामात पडून राहण्याच्या सक्तीतून त्याने रुग्णाला सोडवले.

पण या प्रयोगाच्या अटी काय होत्या, हे पुढे सोयीस्करपणे विसरले गेले. मद्रासच्या रुग्णाला औषध कधी कमी पडले नाही. तो दर आठवड्याला केंद्रावर येई. आला नाही तर केंद्राचा माणूस त्याच्या घरी जाई. थुंकीची तपासणी ठराविक काळाने चालूच असे. घरी अचानक भेट देऊन उरलेली औषधे मोजली जात, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहिले जाई. खाट काढून घेतली तरी खाटेभोवतीची सारी व्यवस्था घरापर्यंत नेली होती, म्हणून घरचा उपचार खाटेवरच्या उपचाराच्या तोडीस उतरला. प्रयोगातून देशभरच्या कार्यक्रमात येताना खाट काढण्याची सूचना तत्परतेने अमलात आली. बाकीच्या व्यवस्थेची तशी निकड कोणाला वाटली नाही.

खोकल्याची बाटली

निदानाच्या बाजूला पाहू. बंगळूरच्या संस्थेतील समाजशास्त्रीय संशोधनातून, देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा एक अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत क्षयाने आजारी असलेल्या लोकांना त्यांनी गाठले. त्यांना आढळले की बहुतेकांना आपल्या आजाराची जाणीव होती आणि अर्ध्याहून अधिक रुग्ण उपचारासाठी स्वतः होऊन दवाखान्यात गेलेही होते. त्यांना तेथे काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. रुग्ण अडाणी आहे, तो येतच नाही, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. रुग्ण दारापर्यंत आला होता. व्यवस्थेने त्याला ओळखले नाही.

साठ वर्षे उलटली तरी ही बाटली गेलेली नाही. तिचे नाव आणि किंमत मात्र बदलली. खोकणारा कष्टकरी आज प्रथम गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो, कारण तो संध्याकाळी कामावरून सुटल्यानंतर उघडा असतो. सरकारी बाह्यरुग्ण विभाग बहुतेक ठिकाणी सकाळी चालतो. तेथे केसपेपरच्या रांगेत उभे राहणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. गल्लीत त्याला एखादे प्रतिजैविक, एखादे सुईचे औषध आणि खोकल्याची बाटली मिळते. चार दिवस बरे वाटते, पुन्हा खोकला येतो, मग दुसरा डॉक्टर. असे करता करता महिने जातात आणि तेवढे महिने घरच्या, खोलीतल्या, कारखान्यातल्या माणसांना जंतू मिळत राहतात. मद्रासच्या प्रयोगाने दाखवलेला धोक्याचा काळ तो हाच.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धारावीतील शंभराच्या आसपास खासगी डॉक्टरांना क्षयावर काय लिहून देता असे विचारले गेले. उत्तरे आली ती ८० वेगवेगळ्या औषधयोजनांची. २०१० साली मुंबईतच असाच शोध पुन्हा घेतला गेला, तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या. बाजाराच्या हाती निदान गेले की काय होते याचे दुसरे उदाहरण रक्ततपासणीचे. रक्तातील प्रतिपिंडांवरून फुप्फुसाचा क्षय ठरवणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नसतानाही खासगी प्रयोगशाळांतून लाखोंच्या संख्येने विकल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोवर किती निरोगी माणसांनी क्षयाची औषधे घेतली आणि किती रुग्ण निर्धास्त होऊन घरी परतले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तंत्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासण्याची जुनी पद्धत स्वस्त आणि उपयोगी आहे. पण एका मिलिलिटर थुंकीत काही हजार जंतू असल्याखेरीज ते तीत दिसत नाहीत. सीबीनॅट ही जनुकीय तपासणी त्याहून पुष्कळ कमी जंतू पकडते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही सुमारे दोन तासांत सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की छातीचा क्ष-किरण काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के नजरेतून सुटले असते. म्हणजे थुंकी, क्ष-किरण आणि जनुकीय तपासणी हे तिन्ही एका छताखाली, एकाच फेरीत मिळाले पाहिजेत. थुंकी एका गावी, क्ष-किरण तालुक्याला आणि अहवाल जिल्ह्याला, अशा फेऱ्या माराव्या लागल्या तर प्रत्येक फेरीत काही रुग्ण गळतात.

त्याच पाहणीत क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार शोधला नव्हता असे आढळले. याचे मुख्य कारण लक्षणांकडे केलेले दुर्लक्ष हे होते. दुर्लक्ष हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. खाणीत, यंत्रमागावर, विटभट्टीवर काम करणाऱ्याला खोकला हा कामाचाच भाग वाटतो. विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूच्या धुरळ्याचा खोकला आणि रोगाचा खोकला यांतला फरक कोण सांगणार? दगडखाणीतील सिलिकायुक्त धुळीने फुप्फुसे निकामी होतात आणि अशा फुप्फुसांत क्षय फार सहज शिरतो, हे वैद्यकशास्त्राला कित्येक दशके ठाऊक आहे. तो खाणीतच शोधला गेला पाहिजे. कामगार कोसळून दवाखान्यात येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

बुडवा कोण?

आता उपचाराकडे येऊ. साध्या क्षयाला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही चार औषधे, आणि पुढे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा रोजचा क्रम असतो. अनेक औषधे एकत्र देण्याचे कारण सरळ आहे. कोट्यवधी जंतूंत एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे जंतू असतातच. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तेवढेच माजतात. सहा महिन्यांचे कारणही असेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. पण सुप्त अवस्थेतील जंतू शिल्लक असतात. नेमक्या याच वेळी, अंगात थोडी ताकद आली की मजुराला कामावर परतावे लागते आणि गोळ्या सुटण्याचा धोका वाढतो.

जुन्या कार्यक्रमाचे १९९२ साली परीक्षण झाले तेव्हा उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचे उघड झाले. मग १९९३ पासून प्रायोगिक स्वरूपात आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुधारित कार्यक्रम आला. औषधांचा नियमित पुरवठा आणि थुंकीच्या तपासणीची शिस्त या त्याच्या जमेच्या बाजू होत्या आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. परंतु त्याचा गाभा देखरेखीचा होता. रुग्णाने आठवड्यातून तीनदा केंद्रावर यावे आणि समोर गोळ्या गिळाव्यात, अशी ही रीत. रुग्णावर विश्वास नसल्याची ही व्यवस्था होती आणि तिचा खर्च रुग्णच भरत होता : जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला रोज आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळण्याची भीती. दिवसाआडच्या औषधांऐवजी रोजच्या औषधांचा क्रम देशभर लागू होण्यास २०१७ साल उजाडावे लागले आणि तेही सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका झाल्यावर.

या कार्यक्रमाच्या नोंदवहीत उपचार सोडणाऱ्या रुग्णासाठी वर्षानुवर्षे एक शब्द होता : डिफॉल्टर. हा शब्द सावकारीचा आणि बँकेचा आहे. कर्जबुडव्याला तो लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तो आपल्या परिभाषेतून वगळला, पण वृत्ती गेली असे म्हणता येणार नाही. खरे देणेकरी कोण आहे हे पाहायचे असेल तर मार्च २०२४ आठवावा. त्या महिन्यात क्षयाच्या औषधांच्या केंद्रीय पुरवठ्यात अडथळा आला आणि केंद्र सरकारने राज्यांना तीन महिन्यांची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. ज्या रोगात दोन आठवड्यांचा खंडसुद्धा धोक्याचा, त्या रोगाची औषधे सरकारी खिडकीवरच संपली. रुग्णाने गोळी चुकवली तर घरापर्यंत माणूस येतो. शासनाने चुकवली तर त्याला शोधायला कोण जाते?

खंडित आणि चुकीच्या उपचारांतूनच औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवतो आणि नंतर तो हवेतून इतरांना थेट लागतो. त्याचा उपचार दीर्घ, विषारी आणि महाग होता. कानामायसिनसारख्या सुयांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिन या नव्या औषधाने आशा निर्माण केली, पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने औषधाच्या क्षाररूपावर दुसऱ्या पेटंटची मागणी करून मक्तेदारी लांबवण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, क्षयाच्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली, यांनी २०१९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये ती मागणी फेटाळली गेली आणि भारतीय कंपन्यांना स्वस्त औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. रोगातून उठलेल्या दोन स्त्रियांनी हे केले, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी.

मजुरी आणि भाकरी

मद्रासच्या प्रयोगाचा एक गैरअर्थ फार काळ टिकला. निकृष्ट आहारावरही रुग्ण बरे झाले, तेव्हा आहाराला महत्त्व नाही, असा तो अर्थ. प्रयोगाने एवढेच दाखवले होते की जंतू मारण्याचे काम औषधे करतात. उपाशी माणसाला रोग होण्याची आणि त्यातून मरण्याची शक्यता किती वाढते, हा प्रश्न वेगळा होता. त्याचे उत्तर झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिले. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याच्या पुढाकाराने २८०० रुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला गेला. त्यांच्यापैकी निम्म्या रुग्णांच्या कुटुंबीयांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या लागणशील क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णाचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्याचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ यांनी लस द्यावी तसे काम केले.

शासन पोषणासाठी काहीच करत नाही असे नाही. एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये जमा करण्याची योजना आहे. परंतु ही रक्कम रुग्णापुरती आहे आणि झारखंडचा धडा कुटुंबाचा आहे. शिवाय खाते, आधार आणि नोंदणी यांचा मेळ बसेपर्यंत उपचाराचे पहिले, सर्वांत नाजूक महिने निघून जाऊ शकतात. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ या नावाने दात्यांकडून रुग्णाला शिध्याची टोपली देण्याचा उपक्रम चालतो. देणाऱ्याच्या सद्हेतूबद्दल शंका नाही. पण हक्काच्या अन्नाची जागा कोणा दात्याच्या मर्जीवरील टोपलीने घेतली तर दाता थांबल्यावर रुग्णाने कोणाकडे मागावे?

मजुरीचा प्रश्न याहून कठीण आहे. कामगार राज्य विमा योजनेने क्षयाला दीर्घ आजारांत धरले आहे. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाला वेतनाच्या ८० टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत भरपाई मिळू शकते. आजारी कामगाराला औषधाबरोबर रोजीही द्यावी लागते, हे तत्त्व या देशाने आपल्या कायद्यात फार पूर्वीच मान्य केले आहे. पण या छत्राखाली येणारे कामगार थोडे, आणि क्षय ज्यांना अधिक होतो ते बहुसंख्य त्याच्या बाहेर : बांधकाम मजूर, घरकामगार, यंत्रमाग कामगार, शेतमजूर.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचे उदाहरण घ्यावे. दिवाळीच्या सुमारास तो मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्याकडे जातो आणि उन्हाळ्यात परततो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. ऐन हंगामात निदान झाले तर त्याने काय करावे? थांबला तर उचल अंगावर राहते आणि कोयता मोडतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोडते. गेला तर फडातून आरोग्य केंद्र दूर. रुग्णाची नोंद संगणकावर असल्याने औषध दुसऱ्या जिल्ह्यात मिळू शकते, अशी सोय कागदावर आहे. ती फडावरच्या कोपीपर्यंत पोचावी यासाठी कोणीतरी केंद्राला कळवावे लागते, पाठपुरावा करावा लागतो. तो कोणी नसला की हा माणूस पुन्हा नोंदवहीतला बुडवा ठरतो.

स्त्रीच्या वाट्याला याच्या जोडीला आणखी एक शिक्षा येते. सुनेला क्षय झाल्याचे कळताच तिला माहेरी धाडले जाते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून तिचा आजार लपवला जातो. ताटवाटी वेगळी करण्याने क्षय रोखला जात नाही; तो हवेतून पसरतो आणि औषध सुरू झाल्यावर थोड्या काळात प्रसार थांबत जातो, एवढी माहिती घराघरांत पोचली तरी कित्येक बायकांचे संसार वाचतील.

कार्यकर्त्यांचे काम

या हिशेबातून काही कामे निघतात आणि ती करण्यास कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही.

पहिले काम निदानाचे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असलेल्या माणसाला वस्तीतून तपासणीला नेले पाहिजे. बरोबर गेले पाहिजे, नुसते सांगून भागत नाही. घरात रुग्ण सापडला तर बाकीच्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घेतली पाहिजे. मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणीही प्रत्येक क्षयरुग्णाची व्हावी लागते, याची आठवण केंद्राला करून दिली पाहिजे.

दुसरे काम उपचार टिकवण्याचे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण डोळे पिवळे होणे, नजर अंधुक होणे किंवा सतत उलट्या होणे यांवर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. ही चार वाक्ये वेळेवर न सांगितल्यामुळे कित्येक उपचार अर्ध्यावर सुटतात. रुग्णाच्या घरी नियमित जाणारी आशा सेविका हीच आज बाह्यरुग्ण उपचाराची खरी खाट आहे. तिचे मानधन आणि तिचा दर्जा हा क्षयनिर्मूलनाचाच प्रश्न समजला पाहिजे.

तिसरे काम जाब विचारण्याचे. आरोग्य केंद्रात किती दिवसांची औषधे शिल्लक आहेत, जनुकीय तपासणीचे यंत्र चालू आहे की सुटे भाग आणि चिप्स यांअभावी बंद आहे, पोषणाची रक्कम किती जणांच्या खात्यात आली, हे प्रश्न ग्रामसभेत आणि प्रभागसभेत दरमहा विचारले जावेत. बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून काही दिवस तरी संध्याकाळी उघडा राहावा, ही मागणी साधी आहे आणि कष्टकऱ्यांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. कामगार संघटनांनी क्षयाच्या उपचारकाळात नोकरी सुरक्षित राहावी आणि असंघटित कामगारालाही बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, ही मागणी आपल्या मागणीपत्रकात नोंदवावी. साखर कारखान्यांच्या हंगामात फडावर तपासणी व्हावी आणि आजारी कामगाराच्या उचलीची वसुली थांबावी, हीही मागणी त्याच यादीतली आहे.

मद्रासच्या प्रयोगाने गरीब देशांना एक अमूल्य गोष्ट दिली : गरिबाच्या झोपडीतही क्षय बरा होऊ शकतो, याचा पुरावा. दारिद्र्य संपण्याची वाट न पाहता आज रुग्ण बरा करता येतो, म्हणून औषधाची हयगय करण्यास कोणालाही सबब उरत नाही. आणि औषध आहे म्हणून उपासमार, धूळ आणि कोंदट खोल्या चालू ठेवण्याचीही सबब उरत नाही, कारण एका रुग्णाला बरे करीपर्यंत तीच परिस्थिती दुसरा तयार करते. खाटेचा खर्च वाचवून सहा दशकांहून अधिक काळ लोटला. त्या बदल्यात द्यावयाचे वेळेवरचे निदान, अखंड औषध, कुटुंबाचे अन्न आणि बुडालेली मजुरी यांची वसुली मागण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. त्याच्या बाजूने उभे राहून ती करून देणे हे संघटनेचे काम आहे.